मोगली आधी कुठे भेटावा: पुस्तकात, पडद्यावर की पेंचमध्ये?

नागपुरात मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन बेत हमखास निघतात. एक पेंच व्याघ्रप्रकल्पातल्या सफारीचा आणि दुसरा भर दुपारी कूलर लावून, पडदे ओढून ‘जंगल बुक’ बघण्याचा. त्यातच कुणी वाढदिवसाला पुस्तक दिलेलं असलं की प्रश्न येतो, आधी काय? पुस्तक वाचून घ्यायचं, की पिक्चर दाखवला म्हणजे पुस्तकाची गोडी आपोआप लागेल? आणि पिक्चर दाखवायचा तर कोणता? डिस्नेचेच दोन गाजलेले आहेत, १९६७चा कार्टूनपट आणि २०१६चा. नेटफ्लिक्सवरचा २०१८चा ‘मोगली’ आणखी वेगळा.

मी सुट्टीत आमच्या कॉलनीतल्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतो. “ताई, नेमकं काय करू ते सांगा,” असं विचारणाऱ्या सगळ्या आईबाबांसाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

उत्तर आधी सांगते. मूल आठ ते अकराच्या मधलं असेल तर मोगलीच्या पहिल्या तीन गोष्टी तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानंतर २०१६चा चित्रपट, शक्यतो हिंदीत. पेंच त्याच्यानंतर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला १९६७चा कार्टूनपट खुशाल दाखवा, पुस्तकासाठी थांबू नका. २०१८चा मात्र बारा-तेरा वर्षांपर्यंत बाजूला ठेवा.

पुस्तकात काय आहे

रुडयार्ड किपलिंगचं ‘द जंगल बुक’ १८९४ साली आलं आणि ‘द सेकंड जंगल बुक’ पुढच्याच वर्षी. सलग कादंबरी समजून पुस्तक उघडलं तर मूल गोंधळतं. पहिल्या पुस्तकात सात गोष्टी आहेत आणि त्यातल्या मोगलीच्या तीनच. बाकी कुठे मुंगूस आहे, कुठे थंड समुद्रातला पांढरा सील, कुठे हत्ती. दुसऱ्या पुस्तकात आठ गोष्टी, त्यातल्या पाच मोगलीच्या. त्याही काळाच्या ओळीनं येत नाहीत. पहिल्या गोष्टीत मोगली त्याला वाढवणाऱ्या लांडग्यांच्या कळपातून बाहेर पडतो आणि दुसरीत तो परत लहान होऊन बालू अस्वलाकडे धडे गिरवताना दिसतो. एवढं आधी सांगून ठेवलं की मुलं छान समजून घेतात. म्हणून पूर्ण पुस्तक संपवायचा हट्ट नको, मोगलीच्या पहिल्या तीन गोष्टी सुरुवातीला पुरेत.

किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. वडील तिथे शिकवायचे. पण या गोष्टी त्यानं मुख्यतः अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये राहताना लिहिल्या. सिवनीचं जंगल त्यानं पाहिलेलं नव्हतं असंच अभ्यासक मानतात. सातपुड्याचे बारकावे त्यानं रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रजाच्या पुस्तकातून उचलले.

असं असूनही नागपूरच्या मुलाला ही गोष्ट जितकी जवळची वाटू शकते तितकी लंडनच्या मुलाला वाटणार नाही. मोगलीच्या टेकड्या सिवनीच्या, म्हणजे आपल्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरच्या. त्याची नदी वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यातच उगम पावते आणि बालाघाटवरून खाली भंडाऱ्याकडे येते. भंडाऱ्याला मामाचं घर असलेल्या पोरानं ती पुलावरून कितीदा तरी पाहिलेली असते. तिसऱ्या गोष्टीत मोगलीचा लांडगा भाऊ शेरखान वाघाची खबर घेऊन त्याची वाट बघतो ती फुललेल्या पळसाजवळ. पळस म्हणजे काय, हे विदर्भातल्या पोराला चित्र दाखवून सांगावं लागत नाही. फाल्गुनात रामटेकच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी दिसतोच.

अडचण भाषेची आहे. मूळ इंग्रजी जुन्या वळणाचं आहे आणि इंग्रजी माध्यमातल्या चौथी-पाचवीच्या मुलालाही ते एकट्यानं झेपत नाही. मराठीत अनुवाद मिळतात, पण त्यात दोन जाती आहेत. काही पूर्ण, आणि बरेचसे पातळ, रंगीत चित्रांचे, चाळीस-पन्नास पानांत सगळं उरकणारे. उरकलेल्यांमध्ये प्रसंग राहतात आणि नेमकं मोगलीचं मन गळतं. त्यापेक्षा पूर्ण अनुवादातली एकच गोष्ट दोन दुपारी वाचलेली बरी.

कशासाठी, ते एका प्रसंगावरून सांगते. पहिल्या गोष्टीच्या शेवटी मोगली गावातून मडक्यात निखारे घेऊन येतो. सभेच्या खडकावर, सगळ्या कळपादेखत, तो शेरखानाला जळत्या फांदीनं बडवतो. जिंकतो. पण ज्या लांडग्यांसोबत तो वाढला त्यांतल्या बहुतेकांना तो नको असतो, हेही त्याला त्याच रात्री कळतं. मग त्याच्या आत काहीतरी दुखायला लागतं, आजवर कधी दुखलं नव्हतं तसं, आणि डोळ्यांतून पाणी येतं. तो घाबरतो. बघीरा या काळ्या बिबट्याला विचारतो, मी मरतोय का? बघीरा सांगतो, नाही रे, ही नुसती आसवं आहेत, माणसांना येतात तशी. वाहू दे.

हे वाचत असताना आमच्याकडची एक तिसरीतली मुलगी, तोवर सारखी चुळबुळ करणारी, एकदम थांबली आणि म्हणाली, “काहून? त्याला रडणं म्हणजे काय तेच माहीत नव्हतं?” तिथून पोरांमध्ये जी चर्चा रंगली ती वाचनापेक्षा लांबली. लांडगे रडतात का, बाळ असताना तो रडला असेलच की, मग विसरला कसा. पडद्यावर हा क्षण मला या ताकदीनं कुठेच दिसला नाही. पुस्तक आधी हवं असं मी म्हणते ते मुख्यतः यासाठी.

मोगली शेवटी राहतो कुठे

तीनही चित्रपटांची पुस्तकाशी तुलना करायची तर माझ्या मते हा एकच प्रश्न पुरतो.

पुस्तकात उत्तर कठीण आहे. लांडग्यांच्या कळपानं त्याला काढलं. गावात आला, मेसुआ नावाच्या बाईनं त्याला आपलं हरवलेलं पोर मानून घरात घेतलं, त्यानं म्हशी राखल्या, आणि शेरखान मेल्यावर त्याच गावानं चेटक्या म्हणून दगड मारून त्याला हाकललं. तिसऱ्या गोष्टीच्या शेवटी तो ना गावाचा आहे ना कळपाचा. आपल्या चार लांडगा भावांसोबत तो वेगळा शिकार करू लागतो. मुलांना हे वाईट वाटतं, आणि वाटावं. शाळा बदललेलं किंवा गावाहून शहरात आलेलं मूल असेल तर त्याला कुणी न समजावता हे समजतं.

१९६७चा कार्टूनपट मोगलीला गावात पाठवतो. पाणी भरायला आलेली मुलगी दिसते, ती गोड हसते, आणि हा तिच्या मागोमाग निघून जातो. २०१६चा त्याला जंगलातच ठेवतो, बालू आणि बघीरासोबत झाडाच्या फांदीवर. २०१८चा पुस्तकाच्या सर्वांत जवळ जातो. त्यातला मोगली दोन्हीकडे परका आहे आणि ते त्याला कळतं. पण शेवटी तोही त्याला जंगलाचा राखणदार करून मोकळा होतो.

तिघांनीही मोगलीला कुठेतरी बसवलं आहे. मी याला दोष म्हणत नाही. सव्वा ते पावणेदोन तासांच्या चित्रपटातून मूल बाहेर पडताना त्याला काहीतरी हातात हवं असतं. पण मूल चित्रपट आधी बघतं तेव्हा त्याला तोच शेवट खरा वाटतो, आणि मग पुस्तकातला मोगली दोन्हीकडून हाकलला गेला की ते म्हणतं, हे चुकीचं आहे, तो तर बालूसोबत राहतो ना. उलट क्रमानं गेलं तर तेच मूल चित्रपट संपल्यावर आपणहून विचारतं, यांनी शेवट का बदलला? या प्रश्नात मला पुष्कळ काही दिसतं. गोष्ट कुणीतरी रचलेली असते आणि दुसरा कुणी ती वेगळी रचू शकतो, हे आठव्या वर्षी कळणं मोलाचं आहे.

का

का या अजगराचं तर सगळ्यांत जास्त नुकसान झालं आहे.

पुस्तकातला का म्हातारा, प्रचंड आणि मोगलीचा मित्र आहे. दुसऱ्या गोष्टीत माकडं मोगलीला उचलून पडक्या शहरात नेतात तेव्हा बालू आणि बघीरा कोणाकडे मदत मागायला जातात? याच अजगराकडे. माकडं जगात घाबरतात ती फक्त त्याला. तो येतो, भिंत फोडून मोगलीला सोडवतो, आणि मग चांदण्यात वेटोळ्यांचा असा संथ नाच करतो की माकडं स्वतःहून त्याच्याकडे सरकायला लागतात. बालू आणि बघीराही सरकतात. मोगली त्यांच्या अंगावर हात ठेवतो तेव्हा ते भानावर येतात. मित्र असूनही तो किती भयंकर आहे, हे एकाच दृश्यात कळतं. मुलांच्या अंगावर काटा येतो आणि ती परत वाचायला लावतात.

१९६७मध्ये का झाला डोळे फिरवणारा, मोगलीला खायला टपलेला विनोदी खलनायक. २०१६मध्ये ती मादी आहे, एकाच लांब दृश्यात येते, गोड बोलून मोगलीला गुंडाळते. दृश्य फार देखणं झालं आहे, पण तिथेही ती शत्रूच. २०१८मध्ये का जंगलाचं भूत आणि भविष्य जाणणारी म्हातारी झाली आहे. मूळ पात्राच्या दबदब्याला तेवढी एकच नीट न्याय देते. अजगर म्हणजे दुष्ट असं डोक्यात बसलं की दुसरी गोष्ट वाचताना मूल शेवटपर्यंत वाट बघतं, आता हा दगा देणार, आणि त्या मैत्रीतली सगळी मजा जाते. त्यामुळे तीन गोष्टी आधी वाचणं फारच जड जात असेल तर निदान या अजगराची गोष्ट तरी चित्रपटाआधी वाचून घ्या.

शेरखानाचं मरण

पुस्तकात शेरखान म्हशींच्या पायाखाली मरतो. ही लढाई आधी डोक्यात आखलेली आहे, आणि मुलांना ती आखणी समजून घ्यायला आवडते. मोगली गुराखी आहे. शेरखान डुक्कर खाऊन, पाणी पिऊन एका मोठ्या घळीत पडलेला आहे, म्हणजे आता त्याला चढताही येणार नाही आणि लढताही येणार नाही. घळीच्या दोन्ही कडा उभ्या. मोगलीच्या मदतीला अकेला, म्हणजे कळपाचा म्हातारा म्होरक्या लांडगा, आणि लांडगा भाऊ. ते कळप मधोमध फोडतात. म्हशी आणि वासरं घळीच्या खालच्या तोंडाशी उभी करतात. मोगली रामा नावाच्या रेड्यावर बसून सगळे रेडे वळसा घालून वरच्या तोंडाशी नेतो. मग वरून वाघाला हाक मारतो आणि रेडे खाली सोडतो.

आमच्याकडे हे वाचताना पोरांनी अंगणातल्या फरशीवर खडूनं घळ काढली. एका टोकाला रेडे म्हणून चिंचोके मांडले, दुसऱ्या टोकाला म्हशी म्हणून बोरांच्या बिया, आणि मध्ये शेरखान म्हणून पिवळ्या झाकणाची बाटली. अकेला कुठे उभा होता यावरून जोरात भांडण झालं आणि निकालासाठी ते पान परत वाचावं लागलं.

२०१६च्या चित्रपटात म्हशींची धावपळ आहे, पण ती सुरुवातीला, मोगली शेरखानापासून सुटून जातो तेव्हाची. शेवटी वाघ जळत्या जंगलात फांदी मोडून आगीत पडतो. मोगली तिथेही डोकं लढवतो, आणि दिग्दर्शक जॉन फॅवरोनं ते फार ताणून, श्वास रोखायला लावून दाखवलं आहे. १९६७मध्ये कुणी मरतच नाही, शेपटीला जळती फांदी बांधल्यावर शेरखान पळून जातो. २०१८मध्ये मोगली त्याला स्वतःच्या हातानं, सुऱ्यानं मारतो.

इथे नागपूरच्या घरात एक गोष्ट हमखास घडेल, तिची तयारी ठेवा. आपली पोरं वाघाच्या बाजूची असतात. शहरभर वाघाची चित्रं, शाळेत व्याघ्रदिन, ओळखीच्या वाघिणींची नावं. पेंचची ‘कॉलरवाली’ वाघीण २०२२च्या जानेवारीत गेली तेव्हा तिची २९ बछडी सगळ्यांना तोंडपाठ झाली होती. अशा पोराला पुस्तकात मोगली मेलेल्या वाघाचं कातडं सोलून सभेच्या खडकावर पसरतो हे सहन होत नाही. ते गाळू नका. त्या काळी वाघाची शिकार म्हणजे पराक्रम समजायचे आणि सरकार त्यासाठी बक्षीस द्यायचं, व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तो थेट १९७३ साली, हे सांगायची याहून चांगली वेळ नाही. आपण ज्या जंगलात वाघ बघायला जातो, ते जंगल आणि ते वाघ कसे वाचले, हा विषय इथून आपसूक निघतो.

२०१६चाच का, आणि हिंदीतच का

या चित्रपटात पडद्यावर खराखुरा आहे तो मुख्यतः एक मुलगा, नील सेठी. चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत झालं आणि जंगल, प्राणी, पाणी, सगळं संगणकावर उभं केलं. त्यासाठी चित्रपटाला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं. पण मला तो आवडतो त्याचं कारण दुसरं आहे. त्यानं पुस्तकातला नियम जपला. लांडगे एकत्र जंगलाचा कायदा म्हणतात ती कविता किपलिंगचीच आहे. पाणी आटून शांतीचा खडक उघडा पडतो आणि हरीण व वाघ एकाच डोहावर पाणी पितात, तो पाणवठ्याचा तहही दुसऱ्या पुस्तकातला. मे महिन्यात नागपुरात बसून ते दृश्य बघताना मुलाला काहीच समजावून सांगावं लागत नाही.

वानरराजा लुई पुस्तकात नाहीच. तो १९६७च्या कार्टूनपटानं आणलेला ओरांगउटान, जो भारतात सापडत नाही. २०१६वाल्यांनी त्याला गायगँटोपिथेकस केलं, म्हणजे पूर्वी आशियात होऊन गेलेला आणि आता नामशेष झालेला प्रचंड वानर. ज्या मुलाला डायनासोरांचं वेड आहे त्याला हे जरूर सांगा.

हिंदी आवृत्तीबद्दल मी आग्रही आहे. इंग्रजीतले आवाजही मोठ्या नटांचे आहेत, पण आपल्या पोरांचं हिंदी पक्कं असतं आणि इरफान खानचा पंजाबी ढंगाचा बालू ऐकताना ती लोटपोट होतात. बघीरा ओम पुरींचा, का अजगर प्रियांका चोप्राची, आणि शेरखान नाना पाटेकरांचा. आपल्या पिढीला यात आणखी एक आनंद आहे. दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची त्या जपानी कार्टून मालिकेत शेरखानाला आवाज नानांचाच होता. गुलजारांचं ते शीर्षकगीत, विशाल भारद्वाजांची चाल, ऐकलं की घरातले बाबाही येऊन बसतात. तेवढ्यासाठी तरी सगळ्यांनी मिळून बघा.

भीतीचं म्हणाल तर सेन्सॉर बोर्डानं २०१६च्या चित्रपटाला ‘यूए’ प्रमाणपत्र दिलं तेव्हा बरीच टीका झाली होती. मला विचाराल तर ते अगदीच अवाजवी नव्हतं. शेरखान अंगावर झेप घेतो ती जागा आणि का अजगराचं वेटोळं, या दोन ठिकाणी सहा-सात वर्षांचं मूल मांडीवर येऊन बसतं. आठच्या पुढे सहसा काही होत नाही, आणि पुस्तक ऐकलेलं असेल तर आणखी कमी.

बाकीचे दोन, थोडक्यात

१९६७चा कार्टूनपट ७८ मिनिटांचा आहे, गाण्यांवर तरंगणारा. वॉल्ट डिस्नेनं स्वतः देखरेख केलेला हा शेवटचा, तो डिसेंबर १९६६मध्ये गेला आणि चित्रपट त्यानंतर आला. पुस्तक वाचू नका असं त्यानं आपल्या लेखकालाच बजावलं होतं, असं सांगतात. बघताना ते पटतं. नावं तेवढी किपलिंगची, बाकी सगळं नवं. म्हणूनच तो पुस्तकाच्या वाटेत येत नाही. लहानपणी तो पाहिलेलं मूल मोठं होऊन पुस्तक ऐकतं तेव्हा त्याला ही दुसरीच गोष्ट वाटते. अपवाद फक्त का अजगराचा.

२०१८चा अँडी सर्किसनं केला आहे. बघीरा पिंजऱ्यात जन्मला, त्याच्या गळ्याखाली पट्ट्याची खूण आहे, हा पुस्तकातला फार हळवा धागा त्यात नीट आला आहे. पण त्यात एका गोड लांडग्याच्या पिल्लाचं जे होतं ते लहान मुलानं बघू नये. मोठ्या मुलानंही एकट्यानं नको, तुम्ही सोबत असा.

पेंच शेवटी का

बरेच जण आधी सफारी करून येतात आणि मग पुस्तक उघडतात. उलट करा असं मी म्हणेन. न वाचता गेलेलं मूल जिप्सीत बसून फक्त वाघ शोधतं, आणि वाघ दिसला नाही की परतताना देवलापार येईपर्यंत रुसलेलं असतं. गोष्टी ऐकून गेलेल्या मुलाला शोधायला पुष्कळ काही असतं. आकाशात घार, मोगलीचा निरोप बालू आणि बघीरापर्यंत पोचवणारी. वाळलेल्या पानांत सायाळीचा काटा. वारुळ उकरून ठेवलेली माती, म्हणजे रात्री अस्वल येऊन गेलं. आणि वानरं. पुस्तकातली माकडं म्हणजे बेशिस्त, बडबडी, कुणाच्या कामाची नसलेली जमात. खऱ्या जंगलात झाडावरचं वानर खाकरलं की गाईड गाडी थांबवतो, कारण वाघ-बिबट दिसल्याची पहिली वर्दी तेच देतं आणि खालची चितळं त्यावर विसंबून असतात. किपलिंगनं माकडांवर अन्याय केला, हा शोध मुलाला स्वतः लावू द्या.

आपल्या बाजूला सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली ही प्रवेशद्वारं आहेत आणि मध्य प्रदेशात तुरिया, कर्माझिरी. जंगल एकच, मधून राज्याची सीमा जाते. मोगलीची सिवनी म्हणायची तर ती सीमेपलीकडची. मुख्य भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो, त्यामुळे सुट्टीतच जायचं तर मे किंवा जूनचा पहिला आठवडा. ऊन भयंकर असतं, पण पाणवठे आटल्यामुळे प्राणी उरलेल्या पाण्यावर येतात, आणि चित्रपटातला तो तह मुलाला आठवतो. जाताना महामार्ग उंच उचलून खालून प्राण्यांना वाट दिलेली दिसेल. तिथे गाडीचा वेग कमी करून मुलाला ती जागा नक्की दाखवा.

काळा बिबट्या दिसण्याची आशा लावू नका. त्याच्या नोंदी पेंचमध्येही आहेत आणि ताडोबातही, पण दिसणं हे फारच नशिबाचं. लांडगाही सहसा दिसत नाही, तो मुळात माळरानाचा.

एक गोष्ट पुस्तक वाचताना जाणवेलच, ती इथे सांगून ठेवते. गाववाल्यांबद्दल किपलिंग तुच्छतेनं लिहितो. दुसऱ्या पुस्तकात गाव मेसुआला चेटकीण ठरवून जाळायला निघतं आणि ती न्यायासाठी धाव घेते ती इंग्रजांकडे. साहेबाच्या नजरेतून लिहिलेलं आहे हे. दहा वर्षांच्या मुलाशी यावर सरळ बोलता येतं, आणि बोलावं.

पेंचमध्ये कोळसून दिसले, तांबूस अंगाचे, झुपकेदार शेपटीचे, शिट्टी घातल्यासारखा आवाज करणारे रानकुत्रे, तर परत आल्यावर दुसऱ्या पुस्तकातली लाल कुत्र्यांची गोष्ट त्याच आठवड्यात वाचा. दक्षिणेकडून शेकडो कोळसून सिवनीच्या लांडग्यांवर चालून येतात. मोगली का अजगराचा सल्ला घेतो, कुत्र्यांच्या म्होरक्याची शेपटी कापून त्याला चिडवतो आणि सगळ्या टोळीला वैनगंगेच्या कड्यांवरून पळवत आग्या मोहोळांच्या मधून नेतो. मागे माश्या, खाली नदी, आणि नदीच्या वळणावर दबा धरून बसलेले लांडगे. याच लढाईत अकेला मरतो, मोगलीच्या हातांत. माझ्या मते मोगलीच्या आठ गोष्टींत ही सर्वांत थोर आहे, आणि वर सांगितलेल्या तीन चित्रपटांपैकी एकातही ती नाही. संक्षिप्त आवृत्त्यांतूनही बहुतेक वेळा तीच गळलेली असते. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पुस्तक घ्यायला गेलात तर दुकानातच अनुक्रमणिका उघडून ती आहे ना, एवढं बघून घ्या.